प्रकल्प नोंदी: भाद्रपद ते आश्विन, दक्षिणेची गॅलरी

१५ सप्टेंबर २०२४, रविवार. भाद्रपद शुद्ध द्वादशी

गौरी गेल्या, त्यांच्यासोबत आमचा गणपतीही गेला. मखर माळ्यावर चढलं आणि हॉल एकदम मोकळा झाला. आजपासून ही वही सुरू.

काय करायचं आहे ते एकदा लिहून ठेवते. पुण्यात पाऊस सरायला लागल्यापासून दिवाळीचा पहिला दिवा लागेपर्यंत जो काळ जातो, त्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ एवढं एकच नाव देतो आणि पंख्याचा वेग वाढवून तो कसाबसा काढतो. मला मात्र वर्षातला सगळ्यात भरलेला काळ हाच वाटतो. आकाश, भाजीबाजार, फुलं, कपड्यांचा वास, संध्याकाळची लांबी, सगळं एकाच वेळी बदलत असतं. यंदा हा बदल घरातली कामं करता करता नीट बघायचा, चवीने अनुभवायचा. कासच्या पठारावर जायचं नाही, फक्त घर.

घर कोथरूडचं, तिसरा मजला. हॉलला लागून दक्षिणेला चार फूट रुंद गॅलरी, पुढे ग्रिल, वर चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा स्लॅब. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, तिच्यातून वेताळ टेकडीची कड दिसते. माणसं चार: आई (माझ्या सासूबाई), नवरा, सातवीतली लेक आणि मी. साधनं: खडू, मोजपट्टी, भिंतीवरची दिनदर्शिका.

मुख्य काम ऊन मोजायचं. दर रविवारी ऐन मध्यान्ही गॅलरीच्या फरशीवर ऊन जिथपर्यंत येतं तिथे लेक खडूची रेघ मारणार. ऐन मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे डोक्यावर येतो तो आत्ता साधारण साडेबाराला. आज ढगांतून मिळालेल्या ऊन्हात पहिली रेघ पडली, हॉलच्या उंबऱ्यापासून दीड फूट अलीकडे.

पुणं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर माथ्यावरून जातो, तेव्हा गॅलरीत मध्यान्हीचं ऊन नसतंच. तिथून तो दक्षिणेकडे कलायला लागतो आणि ऊन घराकडे निघतं. दिवाळीपर्यंत ते कुठवर येतं ते बघायचं.

१८ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष लागला. अळू, भोपळा, कारलं, गवार, आमसुलाची चटणी अशी यादी आईंनी तोंडपाठ सांगितली, मी लिहून घेतली. या पंधरवड्याचा स्वयंपाक म्हणजे पावसाळी भाज्यांचा निरोपच. वेलांवरचं सगळं या दिवसांत ताटात येऊन जातं.

बाथरूमचं लाकडी दार अजून फुगलेलं, कडी लागत नाही. मीठही दमट. दोन्हींची नोंद ठेवते आहे. हवेतला ओलावा मोजायला याहून चांगलं साधन घरात नाही.

२२ सप्टेंबर, रविवार. शरद संपात

आज दिवस आणि रात्र जवळपास सारखे. रेघ उंबऱ्यापासून एक फुटावर आली. आठवड्यात सहा इंच! लेकीला वाटलं होतं की आठवड्यात काही फरक दिसणारच नाही. तिने दोनदा मोजून पाहिलं आणि मग आजीला हाताला धरून गॅलरीत आणलं.

संपाताच्या सुमारास सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं सगळ्यात वेगात असतं. जूनमध्ये किंवा डिसेंबरमध्ये हाच प्रयोग केला असता तर रेघा एकमेकींवरच पडल्या असत्या. म्हणूनच या दिवसांत उजेड वेगळा वाटतो. वाटतो म्हणजे खरंच वेगळा असतो, भिंतीवर तिरका पडतो, आणि दुपारी चारला हॉलमधल्या पितळी समईची सावली लांबच लांब होते.

बुचाची फुलं सुरू झाली. सकाळी दूध आणायला खाली गेले तर कोपऱ्यावरच्या झाडाखाली पांढरा सडा. आईंनी देठात देठ गुंफून लेकीला वेणी करून दिली, सुईदोरा न घेता. लांब नळीसारखे देठ असतात, तिपेडी घातली की पक्के बसतात. ती वेणी आत्ता माठावर ठेवली आहे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

काल दुपारपासून जो पाऊस कोसळला तो शब्दांत येणारा नाही. शिवाजीनगरला एका दिवसात १३० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. रस्त्यांचे ओढे झाले, नवरा रात्री दहाला भिजून घरी पोचला. गॅलरीतल्या रेघा साफ धुऊन गेल्या, पण मापं वहीत आहेत.

“हत्ती यायच्या आधीच त्याचा पाऊस आला,” आई म्हणाल्या. सूर्य अजून हस्त नक्षत्रात गेलेला नाही, आणि गडगडाट करत कोसळणारा पाऊस हा हस्ताचा, असं त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं.

इकडे हवामान खात्याने परवाच, २३ तारखेला, पश्चिम राजस्थान आणि कच्छच्या काही भागांतून मॉन्सून परतायला लागल्याचं जाहीर केलं. ठरलेली सरासरी तारीख १७ सप्टेंबर, म्हणजे थोडा उशीर. तिकडे सलग पाच दिवस पाऊस थांबावा लागतो, हवा कोरडी व्हावी लागते, वाऱ्यांची रचना उलटावी लागते, तेव्हा कुठे परतीची घोषणा होते. निघाला म्हणजे गेला नव्हे. जाता जाता पाऊस असा भरभरून देऊन जातो. धरणं भरलेली, टेकडीवरचं गवत कमरेपर्यंत आलेलं. मला कालच्या पावसाचा त्रास झाला तितकंच बरंही वाटलं.

२९ सप्टेंबर, रविवार

रेघ उंबऱ्यापासून जेमतेम सात इंचांवर. आकाश धुतलेलं. इतकं निळं आकाश पुण्यात वर्षातून याच दिवसांत दिसतं, कारण धूळ पावसाने खाली बसवलेली असते आणि थंडीतला धूर अजून सुरू झालेला नसतो.

आज मंडईतून हादग्याची फुलं मिळाली. ही फुलं हाताळण्यात एक वेगळंच सुख आहे. पांढरी, जाड पाकळीची, कळी चंद्रकोरीसारखी वाकलेली. एकेक फूल उघडायचं, आतला केसरांचा दांडा चिमटीत धरून ओढायचा. तो राहिला तर भाजी कडू होते. हिरवी टोपी काढायची. चिमटीला किंचित चिकट लागतं आणि कच्च्या काकडीसारखा वास येतो. मग कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, फुलं चिरून घालायची, झाकण ठेवायचं नाही, आणि शेवटी डाळीचं पीठ पेरून दोन वाफा. पावशेर फुलांची भाजी होते वाटीभर. चौघांनी पोळीच्या एकेका घासाला पुरवून खाल्ली.

आईंनी जेवताना ऋतुसंधीचा विषय काढला. आयुर्वेदात जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, असा पंधरवडा संधीचा मानतात. जुना आहारविहार एकदम सोडायचा नाही, नवा एकदम धरायचा नाही. श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद. म्हणजे सर्वपित्रीच्या अलीकडचे आणि पलीकडचे दिवस ते हेच. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या ऊन्हाने उसळतं, म्हणून कडू आणि गोड खायचं, तूप घ्यायचं, दही टाळायचं. मला यातली ‘हळूहळू’ ही सूचना फार आवडते. घरातही तसंच करते आहे. आलं घातलेला चहा चालू आहे पण दुपारचा बंद केला, त्याऐवजी धणे-जिऱ्याचं पाणी.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

पत्रावळीवर काळी माती, तिच्यात गहू, ज्वारी, मूग, मका. मध्ये मातीचा घट, पाण्याने भरलेला. या घटातून पाणी पाझरत राहतं आणि माती आपोआप ओली राहते. वरून पाणी घालावं लागत नाही, किती विचार केलाय मागच्या बायकांनी! घटावर पहिली माळ विड्याच्या पानांची.

संध्याकाळी सोसायटीत भोंडला. पाटावर हत्ती काढायचं काम लेकीकडे आलं. तिने सोंडेत कमळ दिलं आणि वर छत्रीही काढली, कारण अजून आभाळ भरून येतंय. खिरापत कोणाची काय ते ओळखायला दहा घरांचे डबे. आमची होती भाजणीच्या वड्यांची, कोणालाही ओळखता आली नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

ऊन उंबऱ्याला लागलं.

काल रविवारी बोटभर अंतर उरलं होतं, म्हणून आज मुद्दाम दुपारच्या मीटिंगमधून दहा मिनिटं उठले. लेक शाळेत, नवरा ऑफिसात. मी आणि आई दोघीच. मध्यान्ह आता सात-आठ मिनिटं अलीकडे सरकली आहे, १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास. स्लॅबच्या सावलीची कड फरशीवरून सरकत लाकडी उंबऱ्याला येऊन टेकली आणि तिथेच थांबली. उंबऱ्यावर सकाळचं हळदीकुंकू होतं, ते उजळलं. आईंनी हात जोडले. मीही जोडले.

उद्यापासून ऊन आत येणार. पावसाळाभर ज्या फरशीवर ओले टॉवेल आणि छत्र्या होत्या, तिथे आता ऊन.

घट: गव्हाला बोटभर कोंब, मक्याचा नुसता टोकदार शेंडा वर आलेला. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उजेड फक्त नंदादीपाचा, त्यामुळे कोंब हिरवे नाहीत, फिकट पिवळे आणि दिव्याकडे झुकलेले. उजेड मिळावा म्हणून झाड आधी उंची वाढवतं, हिरवेपण मागून येतं. रोज सकाळी लेक पट्टी लावून उंची लिहिते आहे, तिची स्वतंत्र वही आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बाथरूमची कडी लागली! मीठ सुटं झालं.

ऊन्हाचा चटका मात्र खरा आहे. ऑगस्टात पुण्याचं सरासरी कमाल तापमान २८ अंशांच्या आसपास असतं, ऑक्टोबरात ते ३२ पर्यंत चढतं. ढगांचं पांघरूण गेलेलं, जमिनीत पाणी भरलेलं, वारा पडलेला. त्यामुळे दुपारी घाम वाळत नाही. पण याच मोकळ्या आकाशामुळे रात्री जमीन लवकर निवते. पहाटे पंख्याखाली पातळ चादर ओढावीशी वाटते. एकाच दिवसात उन्हाळ्याची दुपार आणि थंडीची पहाट मिळते, आणि मला यात गैरसोय कमी आणि चैन जास्त दिसते.

पहाटे पाचला गॅलरीतून दक्षिणेला, समोरच्या इमारतीच्या टाकीच्या जरा वर, अगस्त्य तारा दिसला. व्याधानंतर आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. आपल्या अक्षांशावरून तो दक्षिण क्षितिजापासून फार वर कधी येतच नाही, त्यामुळे दक्षिणेची गॅलरी असल्याचा हा खरा फायदा. शरदातलं पाणी दिवसा सूर्याने तापतं, रात्री चंद्राने निवतं आणि अगस्त्य उगवला की निर्मळ होतं, असं आपल्याकडे मानतात. त्या पाण्याला हंसोदक म्हणतात. पावसाळ्यात गढूळ झालेल्या नद्यांचा गाळ याच सुमारास खाली बसतो, हे कोणीही डोळ्यांनी बघू शकतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. घट उठवले. गव्हाचे कोंब वीतभर झाले होते, नवऱ्याने टोपीत खोवले, लेकीने वेणीत. दाराला झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण.

आज ऊन उंबऱ्याच्या आत साडेपाच इंच. त्याचा लगेच उपयोग केला. ट्रंक उघडली. गोधड्या, दोन रजया, आईंची इरकली लुगडी, लोकरीच्या टोप्या. सगळ्याला कुबट वास, चार महिने बंद होत्या. गोधड्या आधी गच्चीवर नेल्या, दोरीवर टाकून दुपारभर उलटसुलट केल्या. लुगडी मात्र थेट ऊन्हात नाही. रंग उडतो आणि रेशमाची पोत जाते, म्हणून ती हॉलमध्ये, ऊन्हाच्या पट्ट्याशेजारी, पंख्याखाली. आईंच्या आईने शिवलेली एक गोधडी आहे, जुन्या नऊवारींची, टाके अगदी बारीक, ओळी कडेपासून मध्याकडे वळत गेलेल्या. मध्यभागी पोळीचा तुकडा ठेवून शिवण बंद करायची पद्धत होती, असं आईंनी लेकीला सांगितलं. लेकीने मधोमध चाचपून पाहिलं. संध्याकाळी घडी घालताना गोधडीला ऊन्हाचा वास होता. त्यात तोंड खुपसून मी बराच वेळ उभी राहिले.

घडीत आता कडुनिंबाचा वाळलेला पाला.

पुस्तकांचं कपाटही आज काढलं. खालच्या खणात थोडी बुरशी. कोरड्या मऊ ब्रशने पानं झटकली, पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी फाकवून ठेवली. कसर कुठे दिसली नाही. तांदळाच्या डब्यात सोंडे निघाले. तांदूळ सावलीतच पसरला, कडक ऊन्हात दाण्याला तडे जातात आणि भात मोडतो. डाळींना मात्र भरपूर ऊन दाखवलं.

१६ ऑक्टोबर, बुधवार. कोजागरी

काल, १५ तारखेला, मॉन्सून देशातून पूर्ण गेल्याचं हवामान खात्याने सांगितलं. आणि आज कोजागरी. इतका नेमका जुळून आलेला योग.

दोन लिटर म्हशीचं दूध संध्याकाळी सहालाच मंद गॅसवर ठेवलं. साय कडेला लागली की ती खरवडून परत दुधात ढकलायची, असं दीड तास. केशर, वेलची, जायफळ, चारोळी, बदामाचे काप. साखर शेवटी. गच्चीवर सगळ्या मजल्यांची माणसं, चटया, एकाच्या हातात पेटी. ढग मधूनमधून येत होते. चंद्र बाहेर आला की सगळ्यांच्या तोंडून एकच आवाज निघे.

उद्याचा पूर्ण चंद्र या वर्षातला पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा. लेकीने एक विचारलं: ऊन घरात येतंय म्हणजे सूर्य खाली आलाय, मग चंद्र इतका वर कसा? बरोबर प्रश्न. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. सूर्य दक्षिणेला कलतो तसा पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला चढतो. म्हणून मध्यरात्री तो माथ्याजवळ होता आणि गॅलरीतून दिसला नसता. गच्चीवरच जायला हवं.

कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. आईंच्या माहेरी हळवं भात या सुमाराला कापून घरी येतं आणि लोंब्या दाराला बांधतात. त्यांच्या भाच्याने लोंब्या कुरिअरने पाठवल्या आहेत, आमच्या दाराला आता झेंडूच्या तोरणाशेजारी भात आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

ऊन एक फूट आत. मध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांच्या आसपास.

संध्याकाळी लवकर अंधारतं असं सगळेच म्हणतात, पण सकाळ तितकी उशिरा होत नाही, हे वहीत छान दिसलं. १५ सप्टेंबरला सूर्योदय सहा तेवीसच्या सुमाराला होता, आता सहा तीसच्या आसपास. सूर्यास्त मात्र सहा सदतीसवरून सहा दहाच्या आत आला. सकाळ इतकी थोडी सरकली आणि संध्याकाळ इतकी. कारण मध्यान्हच अलीकडे आली आहे, तिने लहान होणाऱ्या दिवसाचा बहुतेक भार संध्याकाळवर टाकला. देवापाशी दिवा लावायची वेळ आम्ही आता सहाची केली.

त्या लवकरच्या अंधाराचा उपयोग: त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू. चंद्र उगवायला साडेआठ होतील, तोवरचा वेळ मिळाला. गच्चीवरून पश्चिमेला, शुक्राच्या बराच वर, नवऱ्याच्या दुर्बिणीतून पुसट गोळा आणि वर जाणारी धुरकट शेपटी. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना काहीच नाही. आईंना दिसला की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुर्बीण बराच वेळ सोडली नाही.

गच्चीवर दिवसा चतुरांची गर्दी आहे, पिवळसर, न बसता नुसते घिरट्या घालणारे. हेच चतुर वाऱ्याबरोबर मालदीववरून पार पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. मालदीवला त्यांचे थवे ऑक्टोबरात पोचतात. पाण्याच्या टाकीच्या ओघळाशी करडा धोबी पक्षीही आलाय, शेपटी सारखी वरखाली.

सप्तपर्णी फुलली. सात वाजता खिडक्या उघडल्या की घरभर तोच वास. शेजारच्यांना तो उग्र वाटतो. मला हवा आहे, मी उघड्याच ठेवते.

२७ ऑक्टोबर, रविवार

ऊन दीड फूट आत. पहिली रेघ उंबऱ्यापासून जितकी बाहेर होती, बरोबर तितकीच आजची आत. सोफा एक हात मागे सरकवला, ऊन्हाच्या जागी आईंची आरामखुर्ची. मटार निवडणं, पेपर वाचणं, नातीचा अभ्यास घेणं, सगळं आता तिथेच चालतं. हिशेबाने डिसेंबरच्या अखेरीस ऊन चार फूट आत यायला हवं, म्हणून खुर्चीमागे जागा मोकळी ठेवली आहे.

टेकडी हिरवी राहिलेली नाही, वरच्या कडेला गवत पिवळं पडलंय. झाडं मात्र भरलेली. पानगळ आपल्याकडे अजून दूर आहे.

उद्या वसुबारस. चकलीची भाजणी आज केली: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, सगळं धुऊन कालच सावलीत कापडावर वाळवलेलं. आज एकेक वेगळं, मंद आचेवर भाजलं. धणे-जिरे शेवटी. महिन्यापूर्वी हेच वाळायला किती वेळ गेला असता. आता एका रात्रीत दाणा खडखडीत. डबा भरून ठेवलाय, चक्कीवर सकाळी नऊच्या आत न्यायचा, नंतर रांग लागते.